नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्याचा माग समुद्रापाशी तुटतो तेव्हा

तक्रार नेहमी एकच असते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा किंवा डाकोटातला शेतकरी पणजोबा अमेरिकेच्या जनगणनेत सापडतो, त्याची कबर सापडते, जमीनही सापडते. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र नुसतं ‘नॉर्वे’ लिहिलेलं असतं. मग नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटालआर्किवेट या मोफत संकेतस्थळावर ‘ओले ओल्सन, जन्म १८४६’ असा शोध घेतला जातो. एकतर ओले ओल्सनांची रांग लागते, नाहीतर हवा तो एकही निघत नाही. इथे बरेच जण त्यातल्या त्यात जुळणारा ओले उचलतात आणि वंशावळीत बसवतात. पुढच्या चार पिढ्यांची मेहनत दुसऱ्याच घराण्यावर खर्च होते आणि ती चूक ऑनलाइन वंशवृक्षांतून भराभर पसरते.

नॉर्वेच्या नोंदी कमी पडतात म्हणून हे होत नाही. त्या फार चांगल्या आहेत. अडचण होते ती नावावरून शोधल्यामुळे. या कामात माणूस ओळखायच्या खुणा तीन: शेतवाडीचं नाव आणि तिचा चर्च-परगणा, जन्माची नेमकी तारीख, आणि बापाचं नाव. यांतल्या किमान दोन हातात येईपर्यंत नॉर्वेच्या बाजूला जाऊच नये. त्या मिळतात अमेरिकेतच.

नाव का फसवतं

जुन्या नॉर्वेजियन नावाचे तीन भाग असत: स्वतःचं नाव, बापाच्या नावाला ‘सेन’ किंवा ‘दात्तर’ जोडून झालेलं नाव, आणि शेवटी शेतवाडीचं नाव. शेतवाडीला तिथे ‘गोर’ म्हणतात. मराठी माणसाला ही रचना ओळखीची वाटते आणि तिथेच चूक होते, कारण तिसरा भाग आडनाव नव्हता, तो पत्ता होता. पाटणकर साताऱ्याला राहायला गेले तरी पाटणकरच राहतात. हाउगेन वाडीवरचा ओले लार्सन बाक्केन वाडीवर चाकरीला गेला, की तो ओले लार्सन बाक्केन झाला. बायकोच्या वाडीवर राहायला गेलेला नवरा तिच्या वाडीचं नाव लावी. बाईचं बापावरून आलेलं नाव लग्नानंतरही बदलत नसे, त्यामुळे नॉर्वेत तिला नवऱ्याच्या नावाखाली शोधून काही मिळत नाही. घराण्याचं कायम आडनाव बंधनकारक करणारा कायदा नॉर्वेत १९२३ मध्ये आला. तोवर बहुतेक स्थलांतर उरकलं होतं.

अमेरिकेत आल्यावर हे नाव कुठल्या बाजूला वळेल याचा नेम नाही. तीन सख्ख्या भावांतला एक लार्सन झाला, दुसऱ्याने हाउगेन धरलं, तिसऱ्याने चाकरीच्या शेवटच्या वाडीचं नाव घेतलं, असं सर्रास दिसतं. पहिली नावंही बदलली: क्नूदचा न्यूट, गुद्ब्रांदचा गिल्बर्ट, हाल्वोरचा हेन्री, गुरीची जुलिया, कारीची कॅरी, इंगेबोर्गची बेल. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्या. प्रवासी यादी जहाज निघताना कंपनी बनवत असे आणि बंदरावरचा अधिकारी ती पडताळून बघे. नाव बदललं ते माणसानेच, पुढच्या दहा-वीस वर्षांत, शेजाऱ्यांच्या आणि शाळामास्तरांच्या सोयीने.

भावंडांची नावं मात्र फार उपयोगाची. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही रीत बरीच पक्की होती. कुटुंब आईच्या माहेरच्या वाडीवर राहत असेल तर क्रम उलटतो. मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव देत. दोन्ही आजे ‘ओले’ असतील तर एकाच घरात दोन ओले जिवंत असू शकतात. नक्कल समजून त्यातला एक खोडू नका. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची नावं क्रमाने लिहून काढली, की नॉर्वेतल्या आजा-आजीचा चांगला अंदाज बांधता येतो.

अमेरिकेतले कागद: आधी चर्चवही, मग जमिनीची फाइल

सगळ्यांत फळ देणारा कागद म्हणजे नॉर्वेजियन लुथरन मंडळीची वही, आणि नेमकी तीच शेवटी बघितली जाते. पाद्री नॉर्वेजियन भाषेतच लिहीत. सभासद, लग्न आणि दफन यांच्या नोंदींत जन्मतारीख आणि नॉर्वेतला परगणा बरेचदा मिळतो, कधी वाडीही. सरकारी कारकुनाला गोल आणि हेम्सेदाल या शेजारच्या गावांतला फरक कळत नव्हता, पाद्रीला कळत होता. यातल्या पुष्कळ वह्या इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकाच्या अभिलेखागारामार्फत मायक्रोफिल्म झाल्या आणि पुढे अ‍ॅन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर आल्या. अडचण तिथल्या सूचीची आहे. नॉर्वेजियन हस्ताक्षर न कळणाऱ्यांनी वाचलेल्या नावांवर ती उभी आहे. म्हणून नाव शोधू नका. मंडळीचं गाव निवडा आणि वही पानापानाने चाळा. दोनेक तास जातात, पण फळ मिळतं.

गावातल्या चर्चमध्ये कुटुंब नसेल तर शोध तिथेच सोडू नका. १८८० च्या दशकात पूर्वनियतीच्या (कुणाचा उद्धार व्हायचा हे देवाने आधीच ठरवलंय का, या) वादावरून नॉर्वेजियन सिनॉड ही लुथरन चर्चसंघटना फुटली आणि एकाच टाउनशिपमध्ये दोन नॉर्वेजियन चर्चं उभी राहिली. बाप्तिस्मा एका वहीत आणि दफन दुसऱ्या वहीत निघतं ते यामुळे.

दुसरा कागद जमिनीचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन पाच वर्षं राहून कसणाऱ्याला मिळू लागली. अट अशी होती, की अर्ज करताना नागरिकत्वाचा इरादा तरी जाहीर केलेला हवा आणि जमीन नावावर होताना पूर्ण नागरिक असायला हवं. म्हणून पूर्ण झालेल्या होमस्टेडच्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल सहसा असते आणि कुठल्या न्यायालयात तो झाला तेही कळतं. १९०६ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत नागरिकत्व जवळजवळ कुठल्याही न्यायालयात घेता येत होतं, त्यामुळे ही एक नक्कल दहा काउंट्यांची पायपीट वाचवते. फाइलमध्ये घराची लांबी-रुंदी, विहीर, गोठा, दर हंगामात किती एकर नांगरले आणि काय पेरलं, घरात माणसं किती, मालक किती काळ बाहेरगावी होता, हे सगळं अर्जदाराच्या आणि दोन साक्षीदारांच्या जबानीत येतं. शेतकऱ्याचं आयुष्य एवढं जवळून दाखवणारा दुसरा कागद क्वचितच मिळेल.

ती मागवायची अशी. भूमी व्यवस्थापन ब्यूरोच्या जनरल लँड ऑफिस संकेतस्थळावर मालकीपत्र शोधा. त्यावरून राज्य, भूमी कार्यालयाचं नाव, दाखला क्रमांक आणि जमिनीचं वर्णन उतरवून घ्या. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे ‘लँड एंट्री केस फाइल’ मागवा, फॉर्म क्रमांक ८४. नुसतं मालकीपत्र उतरवून थांबू नका. त्यात नाव, जमीन आणि तारीख यापलीकडे काहीच नसतं.

मालकीपत्र सापडत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. वर्तनी वेगळी असते, म्हणून नावाऐवजी जमिनीच्या वर्णनाने शोधा. टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, दर सेक्शन ६४० एकर. ईशान्य कोपऱ्यात १ पासून क्रमांक सुरू होऊन नागमोडी जातात आणि आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपतात. काउंटीच्या जुन्या नकाशापुस्तकात शेतावर मालकाचं नाव छापलेलं असतं, तिथून सेक्शन कळतो. तो विषम असेल आणि भाग रेल्वेच्या पट्ट्यातला असेल, तर जमीन सरकारने रेल्वे कंपनीला दिलेली आणि शेतकऱ्याने तिच्याकडून विकत घेतलेली असण्याची शक्यता मोठी. मिनेसोटा आणि डाकोटात १६ आणि ३६ हे सेक्शन, विस्कॉन्सिन आणि आयोवात फक्त १६, शाळांसाठी राखलेले होते. या दोन्ही प्रकारांत सरकारी मालकीपत्र त्याच्या नावाचं नसणारच. काउंटीच्या खरेदीखतांच्या सूचीत बघा, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची, दोन्ही. तिसरं कारण, दावा अर्धवट सोडलेला. अशाची फाइलही अभिलेखागारात असू शकते, पण मालकीपत्रांच्या शोधात ती येत नाही.

फाइलमधल्या साक्षीदारांची नावं वेगळी लिहून ठेवा. एकाच परगण्यातली माणसं शेजारी-शेजारी वसत. इलिनॉयमध्ये फॉक्स नदीकाठी रोगालांडकडची, विस्कॉन्सिनमध्ये मस्केगोत तेलेमार्कची आणि जेफरसन प्रेअरीवर नुमेदालची माणसं होती. आपल्या माणसाचं मूळ कळेना, तर साक्षीदारांचं, बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्यांचं आणि लागून शेत असलेल्यांचं मूळ शोधा. तिघे एकाच परगण्यातले निघाले तर त्याच परगण्याच्या वह्या आधी उघडा.

जनगणनेत १९०० ची सगळ्यांत कामाची. तीत जन्माचा महिना आणि वर्ष, आगमनाचं वर्ष आणि नागरिकत्वाची खूण मिळते. आगमनाचं वर्ष एक-दोन वर्षांनी चुकलेलं असणं नेहमीचं, कारण बरेचदा ते बायकोने किंवा मुलाने सांगितलेलं असे. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली. ती पोकळी मिनेसोटात १८८५ आणि १८९५ च्या राज्य गणनांनी भरता येते. १८५० ते १८८० च्या शेतीविषयक पुरवण्याही बघा. किती एकर लागवडीखाली, किती बुशेल गहू, किती दुभत्या गाई, हे शेतकऱ्याच्या नावानिशी दिलेलं आहे.

मृत्युलेख इंग्रजी वर्तमानपत्रात त्रोटक आणि नॉर्वेजियन वर्तमानपत्रात सविस्तर, हे लक्षात ठेवा. आयोवातल्या डेकोराहून निघणारं ‘डेकोरा-पोस्टेन’ १८७४ ते १९७२ चाललं, शिकागोचं ‘स्कांदिनाव्हेन’ १८६६ ते १९४१. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजमध्ये नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनकडे कात्रणांचा मोठा संग्रह आहे. मृत्युलेखात ‘त्रोन्येममध्ये जन्म’ असं असेल तर जपून. त्रोन्येम हे शहरही होतं आणि प्रचंड मोठा धर्मप्रांतही. शिवाय घरच्यांनी जहाज सुटलं ते बंदरच जन्मगाव म्हणून सांगितलेलं असू शकतं.

जहाज सापडत नाही

न्यूयॉर्कच्या याद्या महिनोन्‌महिने चाळणाऱ्यांनी आधी साल बघावं. १८४९ मध्ये ब्रिटनने वसाहतींशी व्यापारात परक्या जहाजांना अडवणारे नौकानयन कायदे मागे घेतले आणि नॉर्वेची शिडाची जहाजं माणसं घेऊन क्यूबेकला जाऊ लागली, परतताना लाकूड आणू लागली. १८५० आणि १८६० च्या दशकांत आलेले बहुसंख्य नॉर्वेजियन क्यूबेकला उतरले आणि तिथून सरोवरं आणि रेल्वेने विस्कॉन्सिनकडे गेले. क्यूबेकच्या सलग प्रवासी याद्या १८६५ पासूनच्या आहेत. कॅनडातून अमेरिकेत शिरणाऱ्यांची नोंद १८९५ पर्यंत होत नव्हती. म्हणजे १८५७ ला आलेल्या माणसाची अमेरिकी आगमन-नोंद नसणं हेच स्वाभाविक. तिच्यावर वेळ घालवू नका, नॉर्वेतली जाण्याची नोंद धरा.

वाफेच्या जहाजांच्या काळात प्रवास दोन टप्प्यांत होई: नॉर्वेहून इंग्लंडमधल्या हलला, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला, मग अटलांटिक. नॉर्वेतल्या पोलिसांच्या नोंदवहीत लिहिलेलं जहाज बहुधा हलपर्यंतचं असतं. तेच नाव घेऊन न्यूयॉर्कच्या यादीत शोधलं तर काहीच मिळणार नाही. या पोलीस नोंदवह्या क्रिस्तियानिया (आजचं ओस्लो) आणि त्रोन्येमच्या १८६७ पासून आणि बर्गनच्या १८७४ पासून मिळतात. त्यांत नाव, वय, शेवटचं राहण्याचं ठिकाण आणि मुक्कामाचं ठिकाण असतं. स्तावांगरच्या जुन्या वह्या उरलेल्या नाहीत. तिथल्या माणसासाठी चर्चवहीतली ‘परगणा सोडून गेलेले’ ही यादीच आधार. पण ती सगळ्यांनी भरली असं नाही. पुष्कळ जण पाद्रीला न कळवताच गेले.

नॉर्वेच्या वह्या वाचताना

परगण्याचा अंदाज आला, की पहिली उघडायची ती दृढीकरणाची (बाप्तिस्मा झालेल्या मुलाने जाणत्या वयात चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीची) यादी, बाप्तिस्म्याची नव्हे. दृढीकरण १७३६ पासून सक्तीचं होतं आणि साधारण १४ ते १६ व्या वर्षी होई. दगावलेली मुलं तोवर गळालेली असतात, म्हणून या यादीतली गर्दी कमी. एकोणिसाव्या शतकातल्या छापील रकान्यांच्या वह्यांत जन्मतारीख, आईबाप आणि वाडी मिळते. तिथून मागे बाप्तिस्म्याकडे जावं. पाद्रीची वही आणि चर्चसेवकाची जोडवही अशा दोन प्रती असतात. एक पान अस्पष्ट असेल तर दुसरी प्रत बघा. त्यांच्यात तफावतही निघते.

तारखा वाचताना मराठी वाचक अमेरिकी संशोधकापेक्षा सुखी आहे. नॉर्वेजियन पाद्री आपल्यासारखा आधी दिवस आणि मग महिना लिहितो, बरेचदा अपूर्णांकासारखा, वर दिवस आणि खाली महिना. १२/४ म्हणजे १२ एप्रिल. अमेरिकी सूचींत तीच तारीख ४ डिसेंबर झालेली सापडते. दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल आणि तारीख जुळत नसेल, तर उलटवून बघा. १८०० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या वह्यांत तारखेऐवजी ‘त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ असा सण लिहिलेला असतो. तो त्या-त्या वर्षाच्या ईस्टरवरून काढावा लागतो आणि तो सहसा बाप्तिस्म्याचा दिवस असतो, जन्माचा नव्हे.

१८६५ ची जनगणना वाचताना वय आपल्या बोलीतल्या ‘विसावं लागलं’ या हिशेबाने घ्यावं. पूर्ण झालेलं नव्हे, चालू वर्ष. १८६६ मधून वय वजा करा, जन्मवर्ष मिळतं. २० लिहिलं असेल तर १८४६. हा एक वर्षाचा फरक लक्षात न आल्याने बरोबर माणूस नाकारला जातो. १८७५ च्या गणनेत थेट जन्मवर्ष आहे.

शोधपेटीत पूर्ण नाव टाकू नका. पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारांकन द्या. आडनावाची पेटी रिकामी ठेवून परगणा, पहिलं नाव आणि जन्मवर्ष एवढंच भरा. आजचं डोक्यावर गोल असलेलं å हे अक्षर जुन्या वह्यांत aa असं लिहिलेलं असतं, शिवाय k आणि c, v आणि w यांच्या अदलाबदली ठरलेल्या.

वाडीचं नाव मिळालं तरी परगणा हवाच. हाउगेन म्हणजे टेकडी, बाक्केन म्हणजे उतार, मोएन म्हणजे माळ, आणि टेकड्या नॉर्वेत सगळीकडे आहेत. वेगळं, चमत्कारिक नाव असेल तर ओलुफ रीग यांच्या शेतवाड्यांच्या नावांच्या सूचीत ते कुठल्या परगण्यात आहे ते बघता येतं. ही सूची ऑनलाइन शोधता येते. प्रांतांची नावंही बदललेली आहेत: १९१९ मध्ये ब्रात्सबेर्गचं तेलेमार्क, क्रिस्तियान्सचं ओपलांड आणि स्तावांगर आम्तचं रोगालांड झालं. वाडीला गोर्सनुम्मर आणि ब्रुक्सनुम्मर असे दोन क्रमांक असतात. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि पोटहिस्सा ठाऊक असलेल्याला ते लगेच कळतात. वाटण्या होऊन नाव बदललं तरी पहिल्या क्रमांकावरून मूळ वाडी धरता येते.

यापुढची एक ठेच हमखास लागते. परगण्याचा वाडीवार इतिहास, म्हणजे ‘बिग्देबोक’, मिळतो, वाडी मिळते, पण मालकांच्या यादीत आपला माणूस नाही. कारण तो मालकाचा मुलगा नव्हताच. त्याचा बाप ‘हुस्मान’ होता, म्हणजे वाडीच्या कडेला झोपडी आणि तुकडा घेऊन बदल्यात राबणारा. चर्चवहीत अशा ठिकाणाच्या नावापुढे ‘एये’ हा शब्द जोडलेला दिसतो. अमेरिकेत गेल्यावर त्यानेही वाडीचंच नाव लावलं. बिग्देबोकमध्ये वाडीच्या प्रकरणाच्या शेवटी अशा बिऱ्हाडांचा भाग असतो, तो वाचा. कॉपीराइटमधल्या डिजिटल प्रती नॉर्वेबाहेरून सहसा उघडत नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं नॉर्वेजियन अमेरिकन जिनिअलॉजिकल सेंटर आणि ग्रँड फोर्क्सच्या नॉर्थ डाकोटा विद्यापीठाचं ग्रंथालय यांच्याकडे छापील संग्रह मोठा आहे. आणि बिग्देबोकमध्ये लिहिलंय म्हणून मान्य करू नका. चर्चवहीच्या पानाशी ताडून बघा आणि त्या पानाचा कायमचा दुवा टिपून ठेवा.

हाच तो, हे ठरवण्याआधी

जुळणारा सापडला की त्याला खोटं पाडण्याचा प्रयत्न करायचा. जन्मापासून अमेरिकेतल्या पहिल्या नोंदीपर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या दफनयाद्या बघा. त्याच नावाचं, त्याच वाडीवरचं मूल तिसऱ्या वर्षी पुरलेलं निघालं तर तो उमेदवार बाद. पुढे १८७५, १८९१, १९०० आणि १९१० च्या जनगणनांत त्याच नावाचा, त्याच जन्मवर्षाचा माणूस त्याच परगण्यात बायकामुलांसह शेती करताना दिसतो का, ते बघा. दिसला तर मिनेसोटातला तुमचा माणूस वेगळा. आईबाप वारल्यावरची वाटणीपत्रं मिळाली तर वारसांच्या यादीत ‘अमेरिकेत’ असा शेरा शोधा. त्याहून भक्कम पुरावा क्वचित मिळतो.

१९१० च्या गणनेत सापडलेल्याला मात्र लगेच बाद करू नका. काही जण परत आले होते. त्या वर्षीच्या गणनेत अमेरिकेहून परतलेल्यांना गेल्याचं वर्ष, तिथला शेवटचा मुक्काम आणि परतल्याचं वर्ष वेगळं विचारलेलं आहे. ते रकाने आधी वाचा. तुमच्या माणसाची अमेरिकेतली कबर अजून सापडलेली नसेल, तर ती नॉर्वेतल्या त्याच परगण्यात असू शकते.